समोरासमोर

"तुमच्याकडे अंगठ्या आहेत, मान्य. आमच्याकडे इस्पितळ आहे."

फिजिओथेरपीच्या खोलीत पडद्यापलीकडून हे वाक्य आलं आणि पुढचे काही क्षण नुसती ट्रेडमिलची घरघर ऐकू येत राहिली. मी पालथी पडले होते, मानेवर हॉट पॅक, तोंड खाटेच्या त्या गोल भोकात, डोळ्यांसमोर लिनोलियमची करडी फरशी. अशा अवस्थेत दुसऱ्यांची भांडणं ऐकण्यावाचून माणसाला उद्योग नसतो. पलीकडे दोन म्हातारे होते. एक इथलाच, मॅसॅच्युसेट्सचा, 'र' गिळून बोलणारा, गुडघा बदललेला. दुसरा इंडियानाहून लेकीकडे राहायला आलेला, खांदा दुखवून बसलेला. बोलण्यात सावकाश, पण मागे हटणारा नव्हे. वाद चालला होता अमेरिकन फूटबॉलमधला: क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा म्हणून, टॉम ब्रेडी मोठा की पेटन मॅनिंग, हा. ब्रेडी इथल्या पेट्रियट्सचा, मॅनिंग इंडियानापोलिसच्या कोल्ट्सचा. गुडघ्यानं सात सुपर बोलच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यांच्या, विजेत्याला मिळणाऱ्या सात अंगठ्या काढल्या होत्या, खांद्यानं पाच एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पाच किताब. गुडघा म्हणाला, मॅनिंगच्या दोनच अंगठ्या, आणि त्यातली दुसरी त्याला डेन्व्हरच्या बचावफळीनं बोटात घालून दिली. खांदा म्हणाला, हवा काढलेल्या चेंडूंबद्दल बोलायचं का आपण? असं बराच वेळ चाललं होतं. आणि मग ते इस्पितळ आलं. इंडियानापोलिसमध्ये मुलांचं एक इस्पितळ आहे, २००७ पासून त्याला पेटन मॅनिंगचं नाव आहे. खांद्याची नात दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली आणि तिथल्या काचेच्या पेटीत वाढली. हे त्यानं जराही आवाज न चढवता सांगितलं.

ट्रेडमिल थांबली. मग गुडघा घसा खाकरून म्हणाला, "देव तिला शंभर वर्षं आयुष्य देवो. पण तिसऱ्या डाउनला, आठ यार्ड हवे असताना?"

आणि दोघंही एवढ्या जोरात हसले की टेक्निशियन मुलगी बघायला आली.

मला मात्र ते वाक्य सोडेना. रूट नाइनच्या सिग्नलांवर थांबत घरी येताना तेच डोक्यात. एक तर इस्पितळ हा फूटबॉलमधला मुद्दाच नव्हे. (डाउन म्हणजे प्रयत्न; चारांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा.) कुणाच्या नातीसमोर तिसरा डाउन काढायला माणूस कचरतो, आणि वाद तिथंच बंद पडतो. बंद पडला नाही हे त्या गुडघ्याचं कौतुक. दुसरं म्हणजे हे दोघे खेळाडू आता खेळत नाहीत. मॅनिंग २०१६ साली थांबला. ब्रेडी २०२२ मध्ये थांबला, चाळीस दिवसांनी परत आला आणि २०२३ मध्ये खरोखरीच थांबला. नवा पुरावा येण्याची सोय उरलेली नाही, साक्षीदार म्हातारे झाले, तरी खटल्याच्या तारखा पडतच आहेत. आणि या खटल्यात माझी बाजू कोणती, हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही. ती पत्त्यावरून ठरलेली आहे. बॉस्टनच्या पश्चिमेला राहता? मग ब्रेडी.

मी इथं आले ती २००३ च्या पानगळीत. डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरीला बंदी. गाडी चालवता येत नव्हती. नवऱ्याला रविवारी हमखास ऑफिसचा फोन यायचा आणि तो आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. नोव्हेंबरात घड्याळं मागे केली की साडेचारलाच दिवेलागण होते. भारतातून नव्यानं आलेल्या बाईला या चार-साडेचारच्या अंधाराची जी धडकी भरते, ती बर्फाची भरत नाही. अशा रविवारी अपार्टमेंटच्या भिंतींमधून एकाच वेळी सगळ्या घरांतून आरडाओरडा यायचा. वरून पाय आपटल्याचा, डावीकडून शिवीचा, उजवीकडून टाळ्यांचा. आख्खी इमारत काहीतरी बघते आहे आणि आपल्याला त्यातलं काही माहीत नाही, हे काही बरं वाटेना. म्हणून मी टीव्ही लावला आणि कॅप्शन चालू केली. इंडियन स्टोअरमधून आणलेली मेथीची जुडी निवडायला घेतली होती. खाली पसरलेलं बॉस्टन ग्लोबचं क्रीडापान होतं आणि मेथीच्या देठांखालून ब्रेडीची हनुवटी दिसत होती. तेव्हा तो माझ्या लेखी जाहिरातीतला कुणी देखणा मुलगा होता.

सामना होता ३० नोव्हेंबरचा, पेट्रियट्स इंडियानापोलिसला गेले होते. खेळ काय चाललाय हे कळत नव्हतं. सगळे एकमेकांवर पडतात, उठतात, जाहिराती लागतात, पुन्हा पडतात. पण एक माणूस मात्र मला कळायला लागला, आणि तो शत्रूपक्षाचा होता. अठरा नंबर. चेंडू हातात यायच्या आधी हा स्वस्थ उभाच राहायचा नाही. आपल्या रांगेच्या मागे येऊन समोरच्याकडे बोट दाखवायचा, मग दुसऱ्याकडे. वळून कानाशी हात नेऊन स्वतःच्या माणसाला काही सांगायचा, परत पुढे यायचा, बोटं चाटायचा, पाय आपटायचा, पुन्हा मागे जायचा. घड्याळातले सेकंद संपत आलेले असायचे आणि हा बापडा अजून हातवारेच करतोय. मग शेवटच्या क्षणी चेंडू यायचा आणि बरोबर तिथंच जायचा जिथं मघाशी बोट दाखवलं होतं त्याच्या पाठीमागे जागा रिकामी झालेली असायची. मेथी तशीच राहिली. मी पुढं सरकून बसले. हा माणूस मोठ्यानं विचार करत होता आणि त्यामुळे तो विचार मलाही दिसत होता. तो ज्याच्याकडे बोट करतो तो लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतला माणूस, तो पुढे धावणार की मागे राहणार यावर सगळं अवलंबून, आणि समोरच्यांची मांडणी बघून हा ठरलेली चाल ऐनवेळी बदलतोय, हे मला कुणी सांगितलं नाही. त्यानंच सांगितलं, चाळीस यार्डांवरून, नकळत.

नंतर डेन्व्हरला गेल्यावर त्याची 'ओमाहा, ओमाहा' ही हाळी एवढी गाजली की पोरंसोरं गल्लीत तशी ओरडायला लागली. पण मला तो आवाजाआधी हातांचाच माणूस वाटतो. आणि कपाळाचा. हेल्मेट काढलं की त्याच्या उंच कपाळावर आडवा लाल वळ उठलेला असायचा, जणू कुणी डोकं आवळून धरलं होतं. पराभवानंतर माइकसमोर उभा राहायचा तेव्हा तो वळ आणखीच लाल दिसायचा, निदान मला.

ब्रेडीकडून मला यातलं काही शिकता आलं नसतं. त्याचं सगळं आत. पाच धिप्पाड माणसं त्याच्यासमोर भिंत करून उभी आहेत, त्या भिंतीला तडे जाताहेत, दीडशे किलोचा एक जण कडेनं येतोय, आणि हा एकच छोटं पाऊल डावीकडे टाकतो. पळत नाही, वाकतही नाही. खांदा इतकासा आत घेतो आणि तो धिप्पाड माणूस रिकाम्या हवेला मिठी मारून पुढे निघून जातो. मग चेंडू. शांतपणे, सात यार्ड. पुन्हा सात यार्ड. नवख्या डोळ्यांना वाटतं, यात काय आहे, एवढं तर कुणीही करील. ते एक पाऊल बघायला मला आणखी बरेच हिवाळे जावे लागले. ब्रेडीचं मोठेपण कळायला आधी खेळ कळावा लागतो, आणि खेळ मला मॅनिंगनं शिकवला. पेट्रियट्सच्या मुलखात राहून हे बोलायची सोय नाही. घरातसुद्धा नाही, नवरा तोवर पक्का ब्रेडीवाला झाला होता.

त्या पहिल्या सामन्यात पेट्रियट्स ३८-३४ नं जिंकले. शेवटच्या काही सेकंदांत कोल्ट्स गोलरेषेपासून एका यार्डावर होते. मॅनिंगनं चेंडू धावणाऱ्याच्या हाती दिला आणि त्याला जागच्या जागी पाडलं. आमची इमारत हादरली. मी एकटीच गप्प होते.

लहानपणी आमच्याकडे असा एक वाद होता, दर दिवाळीला निघणारा. बाबा गावसकरवाले, मामा विश्वनाथवाला. दादरला राहून मामानं बंगलोरच्या माणसाची बाजू घ्यायची हीच मुळात बंडखोरी. फराळाच्या ताटावर सुरुवात व्हायची. बाबा आकडे सांगायचे. मामा आकडा सांगायचाच नाही, तो उठून चिवड्याच्या चमच्यानं स्क्वेअर कट दाखवायचा. आई म्हणायची, त्या दोघांची आपसांत सोयरीक आहे, तुम्ही कशाला भांडता. (खरंच होतं ते, गावसकरची बहीण विश्वनाथला दिलेली.) पण त्या वादात एक सुख होतं. दोघे एकाच संघात होते, एकाच डावात. गावसकर बाद झाला की विश्वनाथला खेळताना बघायचं. कुणीही हरला तरी सगळे मिळून हरायचे. इथल्या वादात ती सवलत नाही. इथं एकाचं सुख हे दुसऱ्याच्या घरी सुतकच.

आणि तरी, जरा विचार करा, ते दोघे एकमेकांविरुद्ध कधी खेळलेच नाहीत. लोक म्हणतात सतरा वेळा गाठ पडली, ब्रेडी अकरा, मॅनिंग सहा. त्यात बाद फेरीच्या पाच, आणि तिथं मात्र मॅनिंग तीन, ब्रेडी दोन. हे आकडे इथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. पण एक क्वार्टरबॅक मैदानात असतो तेव्हा दुसरा कडेला बाकावर बसलेला असतो. सतरा सामन्यांत एकदाही एकानं फेकलेला चेंडू दुसऱ्यानं अडवला नाही, एकदाही एकानं दुसऱ्याला पाडलं नाही. एवढ्या गाजलेल्या वैरात दोघे समोरासमोर यायचे ते सामना संपल्यावर, कॅमेऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत, हस्तांदोलनापुरते. बाकीचा वेळ प्रत्येक जण बाकावर बसून दुसऱ्याकडे बघत असायचा, नाहीतर बघायचं टाळत असायचा.

२००७ च्या जानेवारीतला तो कॉन्फरन्सचा अंतिम सामना, जिंकणारा थेट मायामीच्या सुपर बोलला जाणार. कोल्ट्स २१-३ असे मागे पडलेले. आमच्याकडे लोक जमलेले, वाफाळत्या मिसळीचं पातेलं मध्ये ठेवलेलं आणि मंडळी उत्तरार्धाच्या आधीच मायामीची तिकिटं कितीला पडतील यावर बोलायला लागलेली. मग मॅनिंग उठला. हातवारे, बोटं, पाय आपटणं, आणि फळी फळी करत त्यानं ती दरी भरून काढली. शेवटचा एक मिनिट उरला असताना कोल्ट्सनं आघाडी घेतली. आता चेंडू ब्रेडीकडे. कॅमेरा मॅनिंगवर गेला तर तो बाकावर मान खाली घालून बसलेला. बघतच नव्हता. ज्या माणसाला समोरच्या अकरा जणांच्या मनातलं कळतं त्याला तो एक मिनिट बघवेना, कारण पलीकडे कोण आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रेडीचा पास मार्लिन जॅक्सननं पकडला आणि संपलं. गुणफलक ३८-३४, माझ्या पहिल्या सामन्याचाच, फक्त आता उलटा. आमच्या हॉलमध्ये मिसळीला कुणी हात लावेना. मी पातेलं उचलून आत नेलं आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसले. कुणी बघितलं नाही.

या दोघांमधल्या खऱ्या आदराची खूण मला कुठल्या पारितोषिकात दिसत नाही. ती २००९ च्या नोव्हेंबरातल्या एका रात्री आहे. पेट्रियट्स सहा गुणांनी पुढे, दोनच मिनिटं बाकी, चौथा डाउन आणि दोन यार्ड. चेंडू स्वतःच्याच २८ यार्डांच्या रेषेवर. अशा वेळी शाळेतलं पोरही चेंडू लाथेनं लांब उडवून देतं. पेट्रियट्सचा प्रशिक्षक बिल बेलिचिक, त्यानं उडवला नाही. ब्रेडीला खेळायला लावलं. का, तर चेंडू लांब गेला तरी पलीकडे मॅनिंग आहे, आणि दोन मिनिटं त्याला पुरतात. पास पोचला पण थोडक्यात कमी पडला, मॅनिंगला चेंडू मिळाला आणि ३५-३४. दुसऱ्या दिवशी इथल्या रेडिओवर बेलिचिकला लोकांनी जे सोलून काढलं ते ऐकण्यासारखं होतं. पण त्या निर्णयात केवढी दाद होती! बचावाचा एवढा मोठा जाणकार, आणि तो सरळ सांगत होता की या माणसाच्या हाती चेंडू देण्यापेक्षा जुगार परवडला.

अंगठ्यांचं गणित मला कधीच पटलेलं नाही, आणि हे मी ब्रेडीवाल्यांच्या घरात बसून म्हणते आहे. ब्रेडीची सगळ्यांत पहिली अंगठी पेट्रियट्सचा किकर अॅडम विनातिएरीच्या ४८ यार्डांच्या किकवर आली. तोच विनातिएरी २००६ मध्ये उठून कोल्ट्सला गेला आणि मॅनिंगच्या पहिल्या अंगठीच्या वाटेवर बाल्टिमोरच्या सामन्यातले सगळेच्या सगळे पंधरा गुण त्याच्या पायाचे होते. मग त्याला कुणाच्या खात्यात टाकायचं? २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिॲटल एका यार्डावर येऊन उभं होतं, ब्रेडी बाकावर होता, आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोरानं तो पास हिसकावून घेतला. अंगठी ब्रेडीची. २०१८ मध्ये ब्रेडीनं सुपर बोलमध्ये ५०५ यार्ड काढले आणि फिलाडेल्फियाकडून हरला. पुढच्या वर्षी एकही टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपार नेणारा पास, न देता १३-३ नं जिंकला, आणि अंगठी मिळाली ती त्या सामन्याची. मॅनिंगचं तर आणखीच. २००४ मध्ये ४९ आणि २०१३ मध्ये ५५ टचडाउन पास असे त्या त्या वेळचे विक्रम केले, दोन्ही वर्षं बोटं मोकळी. आणि २०१५ च्या मोसमात हात गेलेला, ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी हिसकावलेले पास, ब्रेट फाव्हरचा कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम मोडला त्याच सामन्यात बाहेर बसवलेला, त्या वर्षी मात्र अंगठी.

असं सगळं खरं असूनही २०१७ चा तो २८-३ चा सामना आठवला की माझं तोंड बंद होतं. अटलांटाविरुद्ध पंचवीस गुणांनी मागे असताना ब्रेडी कडेनं ओरडत फिरत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हरण्याची कल्पनाच नव्हती. मी झोपायला गेले होते. नवऱ्यानं येऊन उठवलं. तेव्हा जे बघितलं त्याला आकडा लागत नाही आणि सोबत्यांची वाटणीही करता येत नाही. मॅनिंग हुशार होता म्हणून चुका त्याला आधी दिसायच्या, आणि मला वाटतं, त्यातल्या काही स्वतःच्याही. ब्रेडीला त्या दिसायच्याच नाहीत. नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकाला निवडलेल्या, आधी सहा क्वार्टरबॅक गेल्यावर सातवा उरलेल्या मुलाला कधीतरी असं न बघणं शिकावंच लागलं असेल. मॅनिंग पहिल्या क्रमांकाचा, क्वार्टरबॅकचा मुलगा, धाकटा भाऊही क्वार्टरबॅक. घराण्याचं ओझं त्याच्या त्या लाल कपाळावर मला उगाच दिसतं. ब्रेडी मोठा, हे मी मान्य करते. खळखळ करत, पण करते.

माझी मावसबहीण इंडियानापोलिसजवळ राहते. ताई इथं माझ्या आधी आली, पत्त्यानं कोल्ट्सची झाली आणि मग मनापासून झाली. ती सांगते, त्या गावाला मोटारींची शर्यत होती, बास्केटबॉल होतं, फूटबॉल असंतसंच होतं. मॅनिंग आला आणि सोमवारी ऑफिसात बोलायला सगळ्यांना एक विषय मिळाला. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा आख्खा मोसम तो बाहेर बसला, संघ दोन जिंकला, चौदा हरला. त्याच हिवाळ्यात सुपर बोल नेमका त्यांच्या स्टेडियमवर होता. खेळायला आला ब्रेडी. आणि हरला मॅनिंगच्या धाकट्या भावाकडून, २१-१७. ताई म्हणाली, "आमच्या घरात आमच्या माणसाशिवाय लग्न लागलं बघ." महिनाभरानं, ७ मार्चला, कोल्ट्सनं मॅनिंगला सोडलं. बरोबर चार वर्षांनी ७ मार्चलाच तो डेन्व्हरमध्ये निवृत्त झाला. आता स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. तसा पेट्रियट्सच्या मैदानापाशी, फॉक्सबरोला, ब्रेडीचाही झाला.

मान बिघडली की हाताची ताकद जाते हे मला आता फिजिओनं समजावलं. माझी मान कीबोर्डमुळे गेली, त्यात काही शौर्य नाही. पण सकाळी कुकरचं झाकण लावताना उजवा हात दगा देतो तेव्हा त्या माणसाचा विचार येतो. चेंडू फेकणं हेच ज्याचं आयुष्य, त्याच्या बोटांना चेंडू नीट कळेनासा झाला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत ते ५५ टचडाउन. इस्पितळाचा मुद्दा वादात बसत नसेल, पण इंडियानातला तो खांदा अंगठ्यांच्या उत्तरात अंगठी काढायला गेला नाही, हे मला बरं वाटलं. नात वाचली ती डॉक्टरांमुळे, हे त्यालाही कळतच असणार. पण पाटीवर नाव होतं. लोकांना कुणाचं तरी नाव लागतं.

भांडणारे विसरतात अशी एक गोष्ट सांगते. पाहुण्या संघालाही स्वतःच्या पसंतीचे चेंडू वापरता यावेत म्हणून २००६ मध्ये लीगकडे खटपट केली ती या दोघांनीच, मिळून. नियम बदलला. आणि नऊ वर्षांनी त्याच नियमापोटी पेट्रियट्सचे चेंडू पेट्रियट्सच्या ताब्यात होते आणि त्यातली हवा कमी निघाली म्हणून गहजब झाला, तोही नेमका कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात. ब्रेडी नाकारत राहिला, चार सामने बाहेर बसला. सामना ४५-७ असा होता, त्यातले २८ गुण उत्तरार्धात, तपासलेल्या चेंडूंनी काढलेले. इथं ते प्रकरण काढलं की लोक अजून दारं आपटतात. इंडियानात ते न काढता कुणी जेवत नाही. ज्या दोघांनी नियम करून घेतला ते मात्र पुढं एकमेकांच्या विनोदांना हसत टीव्हीवर बसतात. एक सोमवारी भावाबरोबर सामन्यावर गप्पा मारतो, दुसरा रविवारी कॉमेंट्री करतो.

२०२० च्या मे महिन्यात, सगळं बंद असताना, फ्लोरिडात कोविडच्या मदतीसाठी या दोघांना गोल्फ खेळायला लावलं होतं. मॅनिंगच्या जोडीला टायगर वूड्स, ब्रेडीच्या जोडीला फिल मिकल्सन. पाऊस पडत होता. ब्रेडीचा चेंडू झाडीत, वाळूत, जाईल तिकडे जात होता. जुना बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली कॉमेंट्रीत त्याची यथेच्छ टर उडवत होता. आणि मग ब्रेडीनं लांबून, फेअरवेवरून, एका फटक्यात चेंडू सरळ भोकात घातला. नवरा सोफ्यावरून उडाला. चेंडू काढायला ब्रेडी वाकला तेव्हा मागून त्याची पँट फाटलेली दिसली. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सामना वूड्स आणि मॅनिंग जिंकले. पाच मिनिटांत आमच्या घरच्या ग्रुपवर ताईचा मेसेज आला, "अकरा-सात."

नवऱ्यानं लगेच लिहिलं, "गोल्फ धरत नाहीत. आणि जिंकला टायगर वूड्स, मॅनिंग नुसता सोबत होता."

ताईचं उत्तर यायला वेळ लागला नाही.

"मग बटलर?"